चौथ्या प्रश्नाचं उत्तर

मर्सा तलील, १४ मार्च १९११

जहाज दोन दिवस उशिरा आलं. टपालात रोमहून परिपत्रक. पाच प्रश्न. बंदरात पाणी किती खोल, गोड्या पाण्याच्या विहिरी किती, तुर्कांची फौज किती, आत जायला रस्ते कोणते, याची उत्तरं माझ्या कपाटात आहेतच. चौथा प्रश्न मात्र नवा आहे: 'आपल्या देशाने या किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यास स्थानिक अरबांचे वर्तन कसे राहील?'

कॉन्सल ब्रुसातेल्लींनी तो मोठ्याने वाचला, मग चष्मा काढून पुसत बसले.

"साल्विओनी, तुम्हाला इथे सात वर्षं झाली. माझ्याशी लोक वाकून बोलतात, तुमच्याशी नुसतेच बोलतात. हा प्रश्न तुम्ही घ्या."

घेतो म्हणालो. संध्याकाळी एर्सिलियाला पत्र लिहायला बसलो, पण 'प्रिय' यापुढे काही सुचलं नाही. ती लिव्होर्नोला माहेरी गेली त्याला तीन वर्षं होतील. इथली हवा तिच्या छातीला सोसत नव्हती.

१९ मार्च

हाज मफ्ताहच्या बागेत गेलो. दुभाषा ख्लाफो बरोबर होता. अरबी मला येते, पण सरकारी अहवालावर दुभाष्याची सही लागते.

हाजची ओळख इथे लिहून ठेवतो. त्याच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरतं आणि त्याचं म्हणणं सगळं गाव ऐकतं. पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा मी त्याच्या घरी एकवीस दिवस पडून होतो. त्याची बायको मब्रूका मला चमच्याने ताक पाजायची. तिचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही, हात तेवढा आठवतो.

चहाचा दुसरा पेला झाल्यावर विषय काढला.

"हाज, एक विचारू? रागावू नका."

"विचार. राग यायचा असला तर तिसऱ्या पेल्यानंतर येईल."

"उद्या आमचं सरकार इथे आलं तर?"

"आलंच आहे की. तू आलास, तुझा साहेब आला, मागे ते दगड मोजणारे दोघं आले."

"तसं नव्हे. फौज घेऊन."

ख्लाफो खजुरीच्या शेंड्याकडे बघायला लागला. हाजने पेला खाली ठेवला.

"हे बघ लेका, तुर्काला मी रोज शिव्या देतो. कर घेतो, रस्ता करत नाही, आणि त्याच्या अधिकाऱ्याचा माझ्या घोडीवर डोळा आहे. पण माझ्या सख्ख्या भावालाही मी रोज शिव्या देतो. म्हणून शेजाऱ्याने येऊन त्याचं डोकं फोडावं, असं मी कधी म्हणालो?"

"मग तुम्ही काय कराल?"

"पाहुणा म्हणून आलास तर चहा देईन. मालक म्हणून आलास तर बंदूक काढीन. बंदूक जुनी आहे म्हणा, आणि माझे डोळे तिच्याहून जुने." हाज हसला. त्याचा मुलगा सालेम शेंगदाणे घेऊन आला होता, तोही हसला. मीही हसलो.

परतताना ख्लाफो म्हणाला, "साहेब, हे सगळं लिहिणार?"

"सगळं."

"मग माझी सही अगदी खाली घ्या. बारीक अक्षरात."

२४ मार्च

कॉन्सलांनी माझा मसुदा निळ्या पेन्सिलीने तपासला. भावाचं वाक्य पहिल्यांदा गेलं.

"रोममध्ये कुणी कवी बसलेला नाही, साल्विओनी. तुर्काला शिव्या देतो ना? रोज देतो? मग तेवढं ठेवा."

बंदुकीवर पेन्सिल थांबली. "हे म्हणताना तो हसत होता का?"

"हसत होता."

"विनोद अहवालात जात नाहीत."

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखे बोलले. "माझ्या आधीच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, अरब लढतील. आज ते कुठे आहेत, ठाऊक आहे? तांबड्या समुद्राच्या काठावर बकऱ्यांच्या कातड्यांच्या परवान्यांवर सह्या करतात. रोमला काय हवंय ते प्रश्नातच लिहिलेलं असतं. वाचता आलं पाहिजे."

त्या गृहस्थांचा इथे काय संबंध, ते माझ्या लक्षात आलं नाही. उन्हाने डोकं चढलं होतं.

शेवटी चौथ्या प्रश्नाचं उत्तर असं झालं: 'येथील सर्वांत वजनदार गृहस्थ हाज मफ्ताह बिन नासर तुर्की अंमलाची रोज उघड निंदा करतात, व आमच्या आगमनाचे आदरातिथ्याने स्वागत करण्याची ग्वाही देतात.' 'ग्वाही' हा शब्द माझा. कॉन्सलांनी 'इच्छा' लिहिलं होतं, ते वाक्यात लंगडं पडत होतं.

एकेक शब्द वेगळा काढून पाहिला. खोटा म्हणावा असा एकही नाही. दोनदा तपासलं.

ख्लाफोने सहीपूर्वी वाचलं. "हे कोण बोललं? त्या दिवशी मी दुसऱ्याच बागेत होतो वाटतं." मग सही केली. त्याला पाच मुलं आहेत.

११ मे

रोमहून पोच. 'विशेष उपयुक्त' असा शेरा आहे. कॉन्सलांनी व्हर्मुटची बाटली उघडली. माझं नाव बढतीसाठी कळवलं आहे म्हणाले, कदाचित जेनोआत टेबल मिळेल. जेनोआहून लिव्होर्नोला आगगाडीने जाता येतं.

आनंद व्हायला हवा होता. भूक नव्हती, जेवलो नाही.

२० जून

आमच्या उत्तराची नक्कल किनाऱ्यावरच्या सगळ्या कचेऱ्यांना नमुना म्हणून गेली होती, हे आज कळलं. प्रत्येकाने तशाच धर्तीवर लिहून पाठवलं. आता नवं परिपत्रक आलं आहे: 'किनाऱ्यावरील सर्व अनुभवी अधिकाऱ्यांचे याबाबत एकमत आहे, ही समाधानाची बाब होय.'

मला जरा हलकं वाटलं. भावाचं वाक्य काढलं ते मनात कुठेतरी टोचत होतं. पण सगळ्यांनाच तसं दिसत असेल, तर मीच हाजचं बोलणं नको तितकं मनाला लावून घेतलं असेल.

३ ऑगस्ट

एर्सिलियाचं पत्र आणि त्यात वर्तमानपत्राचं कात्रण. 'तिकडचे अरब आपली वाट पाहत आहेत. गावोगावच्या पुढाऱ्यांनी स्वागताची ग्वाही दिली आहे.' एर्सिलिया लिहिते, 'इथे रस्त्यात गाणी म्हणतात. भाऊ म्हणतो, जावंच आता, लोक बोलावताहेत तर. तू त्या लोकांना ओळखतोस, तुला किती बरं वाटत असेल.'

'ग्वाही' हा शब्द बराच वेळ पाहत बसलो. छापल्यावर शब्द मोठे दिसतात.

८ सप्टेंबर

रमजान चालू आहे. वाळवंटाकडचा गिबली वारा तीन दिवस वाहतो आहे, शाईत वाळू, भाकरीत वाळू.

हाजकडे गेलो होतो. सालेम फाटकापाशी उभा होता. "बाबा झोपलेत," म्हणाला. मागे हाजचा खोकला ऐकू आला. सालेमलाही तो ऐकू आला, पण तो फाटकातून हलला नाही.

ख्लाफो सांगतो, तुर्की अधिकाऱ्याने गोदामातल्या बंदुका गावकऱ्यांना वाटल्या. घ्यायला रांग लागली होती.

"रांगेत कोण कोण होतं?"

"साहेब, कोण नव्हतं ते विचारा. पटकन सांगून होईल."

१७ सप्टेंबर

सांकेतिक तार आली. उलगडली. 'चौथ्या प्रश्नाचे उत्तर आजही कायम आहे काय? एका शब्दात, आजच्या आज.'

बंदुकांची रांग, बंद फाटक, सगळं कॉन्सलांना सांगितलं. भाऊ आणि बंदूक ही दोन्ही वाक्यं मार्चमध्ये हाज जशी बोलला तशी पुन्हा म्हणून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग खोलीत फेऱ्या घालायला लागले. त्यांचा एक बूट करकरतो.

"आता 'नाही' कळवलं तर ते काय म्हणतील? मार्चमध्ये काय झोपा काढत होता? आणि आपण दोघंच नाही हो. दहा-बारा कचेऱ्या. त्या सगळ्यांना खोटं पाडायचं?"

मी म्हणालो, "तार एकाच शब्दाची आहे साहेब. 'नाही'सुद्धा एकच शब्द आहे."

असं मी का बोललो, कुणास ठाऊक. ते खिडकीशी थांबले आणि माझ्याकडे वळले. चेहरा पिवळा दिसत होता. त्यांना पित्ताचा त्रास आहे.

"माझी सत्तावीस वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले. "'कायम' पाठवा."

संकेताच्या वहीत 'कायम'साठी अंकांचा एकच गट आहे. अंक लिहिले, पडताळले, तारघरात नेऊन दिले. तारवाला तुर्क आहे. उपासाने त्याचं तोंड सुकलं होतं. त्याने अंक मोजले आणि म्हणाला, "आज एवढंच?"

एवढंच, म्हणालो.

३० सप्टेंबर, सिराक्यूज

परवा आम्हा कचेरीच्या लोकांना जहाजावर घेऊन मायदेशी आणलं. काल युद्ध जाहीर झालं. धक्क्यावर वाजंत्री, पोरी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत फुलं खोचत होत्या. मला ताप नाही, पण तापात असावा तसा सगळा आवाज लांबून येतो.

ख्लाफो तिकडेच राहिला. ये म्हणालो होतो. "पाच मुलं, सासू आणि शिलाईचं मशीन," म्हणाला. "तुमच्या जहाजात सासूची जागा दिसत नाही."

१० ऑक्टोबर, मर्सा तलील

फौजेबरोबर परत. दोन तास तोफा चालल्या. तुर्क आधीच डोंगराकडे गेले होते, त्यामुळे भिंतीच तेवढ्या पडल्या. आज गावची वजनदार मंडळी कर्नलला भेटायला आली. अंगावर स्वच्छ बुरणूस झगे, हात छातीवर. कॉन्सल माझ्या कानात म्हणाले, "बघा! काय लिहिलं होतं आपण?"

हाज शेवटी उभा होता. कर्नलने मला सांगितलं, यांना म्हणावं आम्ही मित्र म्हणून आलो आहोत. मी म्हणालो. हाजने मान हलवली. चहाचं विचारलं नाही. निघताना माझ्यापाशी थांबला आणि एवढंच म्हणाला, "बारीक झालास."

फौजेने खंदक गावाच्या बाहेरच्या बाजूला, वाळवंटाकडे तोंड करून खणले आहेत. बागांकडे पाठ. एका लेफ्टनंटने विचारलं, मागच्या बाजूने काही भीती नाही ना? कॅप्टन म्हणाला, "मागे आपलेच लोक आहेत. अहवाल वाचला नाहीस का?"

२४ ऑक्टोबर

काल सकाळी मागून गोळ्या आल्या. सगळ्या बागांतून एकदम. समोरून तुर्क, मागून गाव. दुपारपर्यंत चाललं. हाजच्या विहिरीजवळच्या तुकडीतले एकशे चाळीसपैकी बावीस उरले. त्यांत एक सार्डिनियाचा जवान होता, परवा मला 'पाणी'ला अरबीत काय म्हणतात विचारत होता. तो उरलेल्यांत नाही.

आज फौज बागांत शिरली. हुकूम आहे: ज्याच्याकडे हत्यार सापडेल, तो जागच्या जागी. नंतर हत्यार पाहणं थांबलं. मी धक्क्यावर जखमींची नावं लिहीत होतो. बागांकडून आवाज येत होता, आधी एकदम, मग सुटा सुटा, मग एकदम. एकशे सहा नावं लिहिली. अक्षर शेवटपर्यंत नीट आलं आहे.

२७ ऑक्टोबर

जकातघरात फौजी न्यायालय. तीन अधिकारी, एक टेबल. बहुतेकांना दोन-दोन मिनिटं. हाज मफ्ताहला मात्र जास्त वेळ दिला, कारण त्याच्या नावाचा कागद होता. कॅप्टनने माझा अहवाल टेबलावर ठेवला.

"बाकीचे शत्रू होते," कॅप्टन म्हणाला. "हा मित्र होता. याने ग्वाही दिली आणि पाठीत गोळी घातली. याचा गुन्हा वेगळा आहे. विचारा त्याला, मार्चमध्ये शब्द दिला होता की नाही?"

ख्लाफोला दुभाषा म्हणून बसवलं होतं. त्याने विचारलं. हाज उभाच होता, डाव्या कानाला रक्त सुकलेलं. त्याने काहीतरी म्हटलं. ख्लाफोने ते इटालियनमध्ये सांगायला वेळ लावला.

"तो म्हणतो, मी काय म्हणालो ते या कारकुनाला विचारा. तो सगळं लिहून घेतो."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. कॉन्सल भिंतीशी बसले होते, त्यांनी पाहिलं नाही.

"सिन्योर साल्विओनी, हा अहवाल तुमच्या हातचा?"

"हो."

"यात लिहिलंय तसं हा माणूस म्हणाला होता?"

भाऊ, शेजारी, बंदूक, सगळं ओठापर्यंत आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर हाज विश्वासघातकी ठरला नसता. साधा लढणारा म्हातारा ठरला असता. तसं असतं तर काय शिक्षा झाली असती, मला माहीत नाही. कदाचित वाईटच. हे मी आता रात्री स्वतःला सांगतो आहे. तेव्हा असलं काही मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं.

"अहवाल बरोबर आहे," मी म्हणालो.

ख्लाफोने ते हाजला अरबीत सांगितलं. तशी गरज नव्हती.

हाजला गोळी घालायला भिंतीपाशी नेणार होते. तेव्हा कॉन्सल उठले आणि कॅप्टनशी हलक्या आवाजात बोलले: परदेशी वार्ताहर गावात आहेत, आपल्याच अहवालातल्या मित्राला गोळी घातली तर बरं दिसणार नाही. शिक्षा बदलली. बेटावरच्या तुरुंगात, मुदतीशिवाय.

३० ऑक्टोबर

बेटावर न्यायच्या लोकांना धक्क्यावर बसवलं होतं. एकशे बारा. काही म्हातारे, काही दाढी न फुटलेले. पाऊस सुरू झाला होता. नावं पडताळायचं काम माझ्याकडे. हाजपाशी पोचलो तेव्हा पुढे सरकणार होतो.

"कागद आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग बस. मब्रूकाला पत्र लिही. ती डोंगरात तिच्या भावाकडे आहे. मी सांगतो तसंच लिही."

ओल्या दगडावर बसलो आणि लिहिलं. शाई पसरू नये म्हणून त्याने आपल्या बुरणुसाची कड कागदावर धरली. पत्र असं आहे:

'मब्रूकास. मी जिवंत आहे. जहाज लोखंडाचं आहे, कुठे जातं ते सांगत नाहीत. सालेम विहिरीपाशी पडला. मी त्याच्या अंगावर घोंगडी घातली, तेवढ्यात मला नेलं. त्याला कुणी पुरलं की नाही, ठाऊक नाही. तुझ्या भावाला पाठव. घोंगडी तांबड्या पट्ट्याची आहे, त्यावरून ओळखेल. मी बंदूक झाडली, तीनदा. एक लागली. तो पोरगा सालेमच्याच वयाचा होता. घोडी गाभण आहे, तिला ओला चारा देऊ नकोस. जव पहिल्या पावसावर पेरू नकोस, दुसऱ्याची वाट पाहा. मी येईन असं कुणी म्हणालं तर ऐकून घे.'

बंदुकीपाशी माझा हात थांबला होता. "हाज, इथली पत्रं फौजी लोक उघडतात. हे नको."

"लिही."

लिहिलं. त्याने वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"हो," तो म्हणाला. "मी असंच म्हणालो."

मग अंगठा शाईत बुडवून खाली उमटवला. माझ्याकडे न बघता उठला, आणि पुढच्या म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं. जहाजापर्यंत नेणारा पडाव भरला, गेला. जहाज दुपारी हाललं.

परतताना कॉन्सल भेटले. "काय सांगत होता म्हातारा?"

"शेतीचं," म्हणालो.

त्यांची बदली झाली आहे, मोठ्या शहरात. माझी जेनोआला. पुढच्या बोटीने निघायचं आहे. एर्सिलियाला अजून कळवलेलं नाही.

ख्लाफोच्या घरी गेलो. त्याचा मेहुणा उद्या पीठ घेऊन डोंगराच्या वाटेने जाणार आहे. दोन्हीकडचे पहारेकरी त्याला ओळखतात. पत्र पुढे केलं. ख्लाफोने उभ्याउभ्या वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"साहेब, हे सापडलं तर? बंदुकीचं यात लिहिलंय. म्हाताऱ्याला बेटावरून परत आणून उभा करतील. आणि लिहिणाऱ्यालाही सोडणार नाहीत. तुमचं अक्षर सगळी फौज ओळखते."

हे मला धक्क्यावरच समजलं होतं. तेवढी एक ओळ काढून दुसऱ्या कागदावर नक्कल करायला दहा मिनिटं लागली असती. शाई, कागद, सगळं खिशात होतं.

"त्याने सांगितलं तसंच जाऊ दे," मी म्हणालो.

ख्लाफोने पत्राची घडी केली, गोणीच्या तळाशी ठेवली आणि वरून पीठ ओतायला लागला.